डाव्या सीटवरचे इक्बालभाई

माझ्या कामाची खरी परीक्षा गाडी उलटली तरच होते, आणि कुठलीही गाडी उलटू नये असं मला रोज वाटतं. असला विचित्र धंदा मी दापोड्यात बसून अर्धं आयुष्य केला. शर्यतीच्या गाड्यांना आतून लोखंडी पिंजरा बसवणं हे माझं काम. गाडी कोलांट्या खाऊन टपावर पडली तरी टप आत दबू नये, आतल्या दोन माणसांभोवती जागा शिल्लक राहावी, म्हणून जाड पाइप वाकवायचे, एकमेकांना जोडायचे आणि गाडीच्या तळाला पक्के वेल्ड करायचे. गाडीला रंग देणाऱ्याचं कौतुक होतं, इंजिनवाल्याला लोक मिठ्या मारतात. माझी आठवण ॲम्ब्युलन्स आल्यावर येते, तीही आतला माणूस आपल्या पायांनी बाहेर आला तर.

मी मूळचा गेट-ग्रिलवाला. आमच्याकडे भाताची शेतं गेली आणि गोदामं आली, तेव्हा ज्याच्याकडे वेल्डिंगचं मशीन होतं त्याला जेवायला फुरसत नव्हती. शटर, पोटमाळे, लूमच्या कारखान्यातले जिने, सगळं केलं. एका जिन्याच्या कामावरूनच इक्बालभाईंची ओळख झाली. कामतघरला त्यांचे लूम. माणूस मोठा हौशी. कमाई कापडात करायची आणि मातीत घालवायची, म्हणजे कच्च्या रस्त्यांवरच्या रॅलीत. एक दिवस गाडी माझ्या दारात उभी करून म्हणाले, "मोरूभाऊ, गेट बनाते हो ना? बस, गाडी के अंदर एक गेट बनाओ."

मी खरंच गेट बनवलं. कोपऱ्यात पाइप कापून काटकोनात जोडले, आडवे-उभे दणकट दांडे टाकले. हत्ती बसला असता तरी वाकलं नसतं. फक्त डोक्यावर हेल्मेट घालून त्यातून आत जाता येत नव्हतं. इक्बालभाईंची बायको, रुकैयाभाभी, अंगाने बारीक. त्या तिरक्या होऊन कशाबशा आत गेल्या आणि मग त्यांना बाहेर येता येईना. शेवटी मीच ग्राइंडर घेऊन माझं गेट कापलं. आतून भाभींचा आवाज येत होता, "भाऊ, सावकाश, घाई न्हाय मला, स्वयंपाक झालाय घरी!" त्यानंतर पुण्याचे एक म्हातारे मेकॅनिक चार दिवस माझ्याकडे राहिले आणि त्यांनी मला शिकवलं. पाइप कापून जोडायचा नाही, मशीनवर वाकवायचा. वाकताना आतल्या बाजूला चुणी पडली तर तो पाइप फेकून द्यायचा. आणि माप गाडीचं नंतर घ्यायचं, आधी माणसाचं.

हे माणसाचं माप म्हणजे एक सोहळा असतो. ड्रायव्हर आणि शेजारचा नॅव्हिगेटर, दोघांना बूट, हेल्मेट, पट्टे, सगळा साज चढवून बसवायचं आणि डोक्यापासून पाइप किती लांब राहतो ते पाहायचं. एका वर्षी मी इक्बालभाईंचं माप रमजानच्या शेवटच्या दिवसांत घेतलं. ईद झाली, शीरखुर्मा झाला, नातेवाइकांकडच्या दावती झाल्या, आणि मग ते सीटमध्ये बसले ते अडकलेच. सीटच्या दोन बाजूंचे उभे कान त्यांच्या बरगड्यांत रुतत होते. तेव्हापासून मी मुसलमान ड्रायव्हरांचं माप रमजानमध्ये घेत नाही आणि हिंदूंचं श्रावणात घेत नाही.

गिऱ्हाइकं एकेक नग. राहनाळच्या एका गोदामवाल्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. तो म्हणाला, वरातीच्या गाडीला आतून पिंजरा पाहिजे, सोनेरी रंगात. मी विचारलं, गाडीत कोण कोण बसणार? म्हणाला, मी, बायको, मागे आई आणि मावशी. मी म्हटलं, करून देतो, पण मग चौघांनाही हेल्मेट घालावं लागेल. कारण उघड्या डोक्याच्या माणसाला हा पिंजराच घातक. साधा ब्रेक जोरात लागला तरी कपाळ पाइपवर आपटतं. रोजच्या गाडीत तो असू नये तो यासाठीच. नवरदेवाने डोळ्यांसमोर मावशीला हेल्मेटमध्ये आणलं असावं. तो गेला, आणि महिन्याभराने बंगल्याचं गेट करून घ्यायला परत आला. ते मात्र त्याने सोनेरीच करून घेतलं.

तर नियम असा. ड्रायव्हरने शर्यती सोडल्या की गाडी दुसऱ्या ड्रायव्हरला जाते, नाहीतर पिंजरा कापायला माझ्याकडे येते. गेल्या काही सीझनपासून हे कापायचं काम वाढलंय. ज्यांच्या गाड्यांवर मी हे काम शिकलो ते सगळे आता आजोबा झाले. कुणाची कंबर, कुणाचे डोळे, कुणाच्या घरचे हात जोडतात. ठाण्याचे एक दातांचे डॉक्टर होते. उतारावर असे सुटायचे की पाहणाऱ्याचे दात वाजायचे. त्यांनी मागच्या वर्षी गाडी आणून दिली आणि कापलेल्या पाइपचा एक तुकडा मागून घेतला. आता तो त्यांच्या बाथरूममध्ये टॉवेलचा दांडा आहे. हसून सांगतात, पण सांगताना दुसरीकडे बघतात. खरं बोलायचं तर मलाही बांधण्यापेक्षा कापायचा त्रास जास्त होतो. बांधायला तीन आठवडे लागतात, कापायला एक दुपार पुरते, आणि सगळं भंगारात जातं.

यंदा पावसाळा सरता सरता इक्बालभाई गाडी घेऊन आले. एवढी वर्षं खड्ड्यांतून, दगडांवरून गाडी उडवली, दोनदा उलटली, पण या माणसाचं एक हाड मोडलं नव्हतं. आणि घरात पंखा पुसायला स्टुलावर चढले ते खांद्यावर पडले. खांदा जुळला, पण हात एका उंचीच्या वर जाईना. रॅलीत स्टिअरिंग साधं फिरवायचं नसतं, झटक्यात पूर्ण गुंडाळून परत सोडायचं असतं. ते आता होणं शक्य नव्हतं.

"काप सगळा," ते म्हणाले. "सीझन सुरू होण्याआधी काप. दारात उभी दिसली की डोकं फिरतं माझं. साधी गाडी कर, भाजी आणायला वापरू."

मी ग्राइंडरची वायर सोडत होतो, एवढ्यात रिक्षा थांबली आणि रुकैयाभाभी उतरल्या. त्यांनी आधी रिक्षावाल्याला पैसे दिले, मग गाडीपाशी येऊन दारावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"कुणाला विचारून कापताय?"

"रुकैया, आता चालवणार कोण?"

"मी हाय ना."

इक्बालभाई हसले. माझ्याकडे बघून हसले, म्हणजे मीही हसावं म्हणून. मी वायर गुंडाळत बसलो.

"और पढ़ेगा कौन?"

"तुम्ही."

इथे थोडं समजावून सांगायला हवं. रॅलीत गाडीत दोघं असतात. उजवीकडे ड्रायव्हर, डावीकडे नॅव्हिगेटर. शर्यतीआधी दोघं त्या रस्त्यावरून सावकाश फिरतात. ड्रायव्हर प्रत्येक वळणाचा नंबर सांगतो. एक म्हणजे गाडी जवळजवळ थांबवून वळवायची, सहा म्हणजे वळण असून नसल्यासारखं. नॅव्हिगेटर लिहून घेतो. शर्यतीच्या दिवशी तो ते वळणाच्या आधी मोठ्याने वाचतो आणि ड्रायव्हर डोळ्यांना दिसायच्या आत कानांनी ऐकून गाडी घालतो. इक्बालभाईंच्या पहिल्या नॅव्हिगेटरला हलत्या गाडीत वाचताना उलट्या व्हायच्या. भाभींना कधी मळमळलं नाही. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्या डाव्या सीटवर बसल्या आणि मग तिथेच राहिल्या. ही डावी सीट खाली आणि मागे बसवलेली असते, कारण वजन जितकं खाली तितकी गाडी टिकून चालते. तिथून रस्ता धड दिसत नाही. समोर डॅशबोर्ड आणि वर थोडं आकाश. रॅली संपली की थकलेल्या नवऱ्याला झोपवून घरापर्यंत गाडी मात्र त्याच आणायच्या.

आमची बायको चहा घेऊन आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. कप हातात देता देता ती म्हणाली, "भाई, चालवू द्या की तिला. तुमचा काय जातंय? बाईच्या हातात गाडी दिली तं पाइप वितळंल काय?"

इक्बालभाईंनी चहा संपवला. मग त्यांनी अट घातली. सीझनची पहिली रॅली वाड्याच्या पुढे माळावरच्या कच्च्या रस्त्यांवर होती. ती एकच करायची. जमलं तर ठीक, नाहीतर गाडी इथे आणून कापायची, आणि त्यावर पुन्हा बोलणं नाही. भाभी म्हणाल्या, "कबूल. न्हाय जमलं तर मीच घेऊन येईन." मी ग्राइंडर आत नेऊन ठेवला. मला मनापासून आनंद झाला होता आणि तो लपवायला मी उगाच पाइप मोजत बसलो.

मापाच्या दिवशी भाभी उजवीकडे बसल्या. सीट पुढे आणली, पॅडलला ठोकळे लावले, स्टिअरिंग त्यांच्या हाताशी आणलं. पंधरा मिनिटांत त्या तिथे अशा बसल्या की उठायला तयार नाहीत. मग इक्बालभाई डावीकडे शिरले आणि तिथून तक्रार सुरू झाली.

"इतना नीचे? मोरूभाऊ, मला काहीच दिसत न्हाय."

"दिसायचं नसतं तिथून," भाभी समोर बघत म्हणाल्या.

"तू इतकी वर्षं अशीच बसलीस?"

"मग काय, तुम्ही कधी विचारलं?"

तरी सीट वर घ्यायचा हट्ट त्यांनी सोडला नाही. मी सांगितलं की सीट वर घेतली की हेल्मेट पाइपच्या जवळ जातं. त्यांनी ऐकलं, मान डोलावली आणि परत तेच म्हणाले. शेवटी नियमात बसेल एवढं, एक बोटभर वर घेतलं. तेवढ्याने काय दिसणार? पण माणसाच्या मनाला बरं वाटतं.

राहनाळच्या मागे नव्या गोदामासाठी भराव टाकून ठेवलेली मोठी मोकळी जागा होती. मालक ओळखीचा. तिथे रविवारी सकाळी ड्रम मांडून सराव ठरला. भाभींनी गाडी सोडली, पहिल्या ड्रमपाशी वळल्या, आणि जोरात हॉर्न वाजला. दुसऱ्या ड्रमपाशी पुन्हा वाजला. प्रत्येक वळणाला हॉर्न. वॉचमन लांबून पळत आला, त्याला वाटलं काही अपघात झाला.

कारण मला लगेच कळलं. डाव्या सीटपुढे पाय रेटून धरायला लोखंडी पाटी असते. ड्रायव्हरचे हात मोकळे राहावेत म्हणून त्या पाटीवर मी फार पूर्वी हॉर्नचं बटण बसवून दिलं होतं. रस्त्यात माणूस, गुरं, बकऱ्या आल्या की भाभी पायाने हॉर्न वाजवायच्या. इक्बालभाईंचा उजवा पाय मात्र आयुष्यभर ब्रेकवर राहिलेला. वळण आलं की तो आपोआप दाबला जायचा. ब्रेक तिथे नव्हता, हॉर्न होता.

गाडी थांबली. भाभी हसून हसून स्टिअरिंगवर डोकं टेकून बसल्या होत्या. इक्बालभाईंचं तोंड लाल झालं होतं.

"बटण काढून टाक," ते मला म्हणाले.

"राहू दे," भाभी म्हणाल्या. "हे कुठे घाबरतात ते मला कळायला पायजे."

पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. पाय दाबला की माणूस ताठतो, ताठला की त्याचं वाचन एका वळणाने मागे पडतं. मागे पडलेलं वाचन म्हणजे चुकीच्या वळणाला चुकीचा नंबर. भाभींना त्या दिवशी दोनदा डोळ्यांनी बघून गाडी वळवावी लागली. मोकळ्या जागेत ड्रमच पडतात. माळावर बाजूला नाला असतो. घरी जाताना इक्बालभाई मला हळूच म्हणाले, "होणार न्हाय माझ्याच्याने. तू ग्राइंडर तयार ठेव."

रॅलीच्या आदल्या दिवशी रस्ता बघून दोघं परत आले ते भांडतच. काही तुटलं-वाकलं तर वेल्डिंगला मी बरोबर असतोच, त्यामुळे सगळं माझ्यासमोर झालं. एका टेकाडावरून उतरताना डावं वळण होतं, खाली कोरडा नाला. त्या वळणाला इक्बालभाई दर वर्षी चार म्हणायचे. आता ड्रायव्हर भाभी, म्हणून नंबर त्यांनी सांगायचा. त्यांनी पाच सांगितला.

"इतकी वर्षं ते चार होतं," इक्बालभाई म्हणाले.

"तुमचं चार होतं. मी लिहीत होते म्हणून माझं झालं का?"

"रुकैया, खाली नाला आहे."

"ठाऊक हाय मला. मी तिथून दर वर्षी गेलेय. गाडीला अजून जोरात जायला जागा असायची, ते खाली बसून पाठीला कळतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं काय?"

इक्बालभाईंनी पाच लिहिलं. लिहिताना पेन जोरात दाबला, पण लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या वळणावर जाऊन उभा राहिलो. माझं काम तिथे नव्हतं, पण मला दुसरीकडे थांबवेना. समोरच्या टेकाडावरून रस्ता नागमोडी उतरत येत होता, त्यामुळे गाडी दिसण्याआधी आवाज यायचा. चार गाड्या गेल्या. मग ओळखीचं इंजिन ऐकू आलं, आणि पाठोपाठ हॉर्न. थोड्या वेळाने पुन्हा हॉर्न. बघायला आलेले गावातले लोक हसायला लागले. "नवरदेव आलाय काय रे?" असं एकजण म्हणाला. मला हसू येईना. प्रत्येक हॉर्नला मला वाटायचं, झालं, आता वाचन मागे पडलं असणार. माझ्या हातचे पाइप त्या दोघांच्या भोवती होते आणि पहिल्यांदाच मला त्यांचा भरवसा वाटेना.

टेकाडावर धूळ उठली. गाडी माथ्यावर आली, खाली सुटली. मी हॉर्नची वाट बघत होतो. काच उघडी होती. इंजिनच्या आवाजातून इक्बालभाईंचा चढा आवाज मला एवढाच ऐकू आला, "बायाँ पाँच!" हेल्मेट खाली, नजर कागदावर. समोर नाला होता आणि त्यांनी मान वर केली नाही. हॉर्न वाजला नाही. भाभींनी गाडी नाल्याच्या कडेने आडवी सोडली, मागची चाकं मातीत घसरली, पकडली, आणि गाडी पुढे गेली. धूळ माझ्या तोंडात गेली होती. मी तसाच उभा राहिलो आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते धुळीचं नव्हतं.

निकालात त्यांचा नंबर सांगण्यासारखा नव्हता. तरुण पोरांच्या गाड्या कुठल्या कुठे पुढे होत्या. गाड्या परत आल्यावर मी आमच्या गाडीपाशी गेलो. कापायचं की नाही, हे मला विचारवत नव्हतं. भाभी बोनेटला टेकून पाणी पीत होत्या, चेहरा मातीने माखलेला, आणि त्या अगदी शांत होत्या. इक्बालभाईंनी हेल्मेट काढलं, घामाने ओला झालेला चष्मा शर्टाला पुसला आणि माझ्याकडे आले.

"मोरूभाऊ, सीट खाली घे."

"किती?"

"हिची होती तिथपर्यंत. वर बसलं की रस्ता दिसतो, आणि रस्ता दिसला की वाचायचं राहतं."

मी पाना आणायला वळलो. मागून भाभींनी विचारलं, "आणि हॉर्नचं बटण? आता काढायचं ना?"

"राहू दे," इक्बालभाई म्हणाले. "पुढच्या रॅलीला रस्त्यात बकऱ्या फार असतात."